ऑनलाइन खरेदी आणि क्रेडिट कार्ड : दार किती उघडे ठेवायचे?

कोल्हापुरात शाहूपुरीत माझे कर सल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. विवरणपत्रांचा हंगाम सुरू झाला की लोक बँकेची आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट घेऊन येतात, आणि एखाद्या पानावर असा खर्च सापडतो की ज्याचा कार्डधारकाला पत्ताच नसतो. कधी तो नव्वद रुपयांचा असतो, कधी नव्वद हजारांचा. अशा वेळी बहुतेकांचे पहिले वाक्य ठरलेले असते : "मी तर फार जपून वापरतो हो." त्यात खोटे काही नसते. अडचण एवढीच की जपून वापरणे हे माणसाच्या लक्षावर अवलंबून असते आणि लक्ष नेमके प्रवासात, लग्नघरात किंवा मुलाच्या परीक्षेच्या दिवशी उडते. म्हणून या लेखात मी सावधगिरीच्या उपदेशापेक्षा कार्डाची ताकद आधीच कमी करून ठेवण्यावर अधिक भर दिला आहे. गुजरीतला सराफ दिवसभर दुकान उघडे ठेवतो, पण तिजोरी उघडी ठेवत नाही. गिऱ्हाइकासमोर एक ट्रे काढतो आणि तो आत गेल्याशिवाय दुसरा काढत नाही. क्रेडिट कार्डही असेच वापरता येते, आणि त्यासाठी लागणारी सोय बँकेच्या ॲपमध्ये आधीपासूनच असते.

आधी कार्डाच्या कळा बंद कराव्यात

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार नवे कार्ड हाती येते तेव्हा ते देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावरच चालते. ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार आणि यंत्राला कार्ड नुसते टेकवून पैसे देणे या तीन सोयी कार्डधारकाने स्वतः चालू कराव्या लागतात, हव्या तेव्हा त्या बंद करता येतात आणि प्रत्येक सोयीची वेगळी मर्यादाही ठरवता येते. आपण मात्र कार्ड आल्या दिवशी ॲप उघडतो, तिन्ही कळा एका दमात चालू करतो आणि पुन्हा त्या पानाकडे फिरकत नाही.

ॲपमध्ये कार्डाच्या विभागात जाऊन वापर आणि मर्यादा यांचे पान शोधावे; प्रत्येक बँकेने त्याला वेगळे नाव दिलेले असते, पण पान असतेच. तिथे सर्वप्रथम परदेशी व्यवहारांची कळ बंद करावी. भारतातल्या संकेतस्थळांवर कार्डाने पैसे देताना कार्डावरच्या तपशिलाखेरीज आणखी एक पुरावा, म्हणजे बहुतेक वेळा ओटीपी, द्यावा लागतो. हा नियम २००९ पासून लागू आहे. परदेशातली अनेक संकेतस्थळे मात्र कार्डाचा क्रमांक, मुदत आणि फार तर मागचे तीन अंक एवढ्यावर रक्कम वसूल करतात. याचा अर्थ असा की "ओटीपी कोणाला देऊ नका" हा सल्ला कितीही काटेकोरपणे पाळला, तरी परदेशी व्यवहार चालू असलेल्या कार्डावर त्याचा उपयोग अर्धाच होतो.

त्यानंतर देशांतर्गत ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा खाली आणावी. घरात महिन्याकाठी सर्वांत मोठी ऑनलाइन खरेदी पाच हजारांची होत असेल, तर मर्यादा पाच हजारच असावी. दिवाळीत फ्रीज घ्यायचा झाल्यास ती त्या दिवसापुरती वाढवावी आणि ऑर्डर नक्की झाल्याचा संदेश आला की पुन्हा उतरवावी. या कामाला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे कंटाळवाणी आहेत हे मला मान्य आहे. माझ्या पत्नीने सुरुवातीला मला यावरून भरपूर ऐकवले होते. कार्ड टेकवून पाच हजारांपर्यंतची रक्कम पिनशिवाय जाते, तीही कळ गरज नसल्यास बंदच ठेवावी, पण तो मुद्दा दुकानातल्या वापराचा असल्याने इथे वाढवत नाही.

शक्य असल्यास ऑनलाइन खरेदीसाठी कमी मर्यादेचे वेगळे कार्डच ठेवावे. कार्डधारकाच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला मर्यादा वाढवता येत नाही, आणि ती कमी करून मागणे हा आपला अधिकार आहे. तीन लाखांची मर्यादा असणे ही प्रतिष्ठेची बाब वाटत असेल, तर ते कार्ड कपाटात राहू द्यावे.

टेंबलाईच्या टेकडीवरचे तीन संदेश

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. काही वर्षांपूर्वी नवरात्रात, चतुर्थीच्या रात्री पावणेबाराच्या सुमारास माझ्या कार्डावर एका परदेशी नावाने सुमारे ८५ रुपये वजा झाल्याचा संदेश आला. कुठल्या तरी ॲपचे मासिक शुल्क असेल असे समजून मी झोपलो. दुसऱ्या दिवशी ललिता पंचमी. घरातली सगळी मंडळी अंबाबाईच्या पालखीमागोमाग त्र्यंबोलीच्या यात्रेला, म्हणजे आपल्या टेंबलाईला गेलेली. गर्दीत उभा असताना खिशातला फोन दोनदा थरथरला : १७,६०० आणि २३,४५० रुपये, नाव तेच. ओटीपी एकदाही आलेला नव्हता.

रात्रीचे ते ८५ रुपये म्हणजे चाचणी होती. चोरलेल्या किंवा विकत घेतलेल्या कार्ड-क्रमांकांपैकी कोणते जिवंत आहेत हे पाहण्यासाठी आधी एक-दोन डॉलरांची रक्कम वसूल करून पाहतात. ती निमूटपणे गेली आणि कोणी कार्ड बंद केले नाही, की मोठा हात मारतात. बरेच महिने आधी मी एका परदेशी संकेतस्थळावरून संगणकाची एक वस्तू मागवली होती आणि त्यानंतर परदेशी व्यवहारांची कळ चालूच राहिली होती. क्रमांक नेमका तिथूनच फुटला असे मी सिद्ध करू शकत नाही. कळ मात्र मीच उघडी ठेवली होती.

यातून पाळण्याजोगा नियम असा निघतो की अनोळखी रक्कम लहान असेल तर ती अधिक गंभीरपणे घ्यावी. मोठ्या रकमेकडे लक्ष आपोआप जाते. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराचा संदेश मोबाइलवर आणि ई-मेलवर अशा दोन्ही ठिकाणी येतो आहे ना, हे एकदा तपासून घ्यावे. बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक जुना असलेले लोक माझ्याकडे आजही येतात.

दुकानाची पारख

आता एक उदाहरण अगदी जवळून पाहू. समाजमाध्यमावर जाहिरात दिसते : अस्सल कोल्हापुरी चप्पल, थेट कारागिराकडून, फक्त ३४९ रुपये, आज शेवटचा दिवस. चप्पल लाइनीत ज्याने एकदा तरी भाव केला आहे त्याला हा आकडा वाचून हसू येईल, पण पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात बसलेल्या माणसाला तो खरा वाटू शकतो, आणि तसा तो वाटावा म्हणूनच वस्तू निवडलेली असते.

पहिली तपासणी पत्त्याची. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता उजवीकडून वाचावा. पाकिटावर पहिल्या ओळीत "महाद्वार रोड" लिहिले आणि शेवटच्या ओळीत दिल्ली लिहिली, तर पाकीट दिल्लीलाच जाते. संकेतस्थळाच्या पत्त्याचेही तसेच आहे. सुरुवातीचे "एचटीटीपीएस" आणि त्याच्या पाठच्या दोन रेषा सोडून पहिल्या तिरक्या रेषेपूर्वीचा भाग घेतला, तर त्याच्या शेवटी असलेल्या डॉट कॉम किंवा डॉट इनच्या लगेच आधी जे नाव येते तेच मालकाचे नाव होय. "बँकेचे नाव, डॉट, कार्ड-ऑफर, डॉट कॉम" अशा पत्त्यात बँकेचे नाव नुसती सजावट असते, मालक "कार्ड-ऑफर" असतो. बँकांच्या बाबतीत एक सोय अलीकडे झाली आहे : रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत "डॉट बँक डॉट इन" या शेवटाकडे नेण्यास सांगितले होते, आणि हा शेवट बँकांसाठीच राखलेला आहे. पत्त्याशेजारच्या कुलपावर मात्र विसंबू नये. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधला संवाद तिसऱ्याला वाचता येत नाही. समोरचा चोर असेल तर संवाद चोराशीच, पण सुरक्षितपणे चाललेला असतो. क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकले, त्यामागे हाच गैरसमज होता.

दुसरी तपासणी विक्रेत्याची. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव दाखवणे बंधनकारक आहे. पानाच्या तळाशी जीएसटी क्रमांक असल्यास तो जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधण्याच्या पानावर टाकून पाहावा. त्यासाठी लॉगिन लागत नाही. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे अंक २७ आहेत. "कोल्हापुरातली आमची कार्यशाळा" असे लिहिणाऱ्याचा क्रमांक ०७ ने सुरू होत असेल, तर तो दिल्लीतला आहे. क्रमांक खरा पण दुसऱ्याच व्यापाऱ्याकडून उचललेला, असेही घडते, म्हणून शोधात आलेले नाव आणि संकेतस्थळावरचे नाव जुळवून पाहावे. लहान कारागिराकडे जीएसटी नोंदणी नसू शकते, तेवढ्यावरून त्याला लबाड ठरवू नये. अशा ठिकाणी माल हाती आल्यावर पैसे द्यावेत किंवा सरळ फोन करून बोलावे. खऱ्या चप्पलवाल्याशी दोन मिनिटे बोलले तरी माल कळतो.

ओटीपीचा संदेश पूर्ण वाचावा

या ३४९ रुपयांत खोटी जाहिरात देणाऱ्या माणसाला रस नसतोच. तुम्ही त्याच्या बनावट पानावर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही, म्हणजे मागचे तीन अंक, भरत असता, त्याच क्षणी तो तपशील दुसरीकडे कुठे तरी मोठ्या खरेदीसाठी भरला जातो. बँक ओटीपी पाठवते, तो तुम्ही त्याच्या पानावर टाकता आणि तो खऱ्या व्यवहारात वापरला जातो. तुमच्या मते तुम्ही ओटीपी कोणालाही सांगितलेला नसतो. प्रत्यक्षात तो तुम्ही त्याच्याच हातात टाइप केलेला असतो.

हा डाव उघडा पाडणारी गोष्ट त्याच संदेशात असते. बहुतेक बँकांच्या ओटीपी संदेशात रक्कम आणि विक्रेत्याचे नाव लिहिलेले असते. चपलेचे ३४९ रुपये देताना "४८,९०० रुपये" आणि भलतेच कोणते तरी नाव असलेला संदेश येतो, पण आपण त्यातले सहा अंक तेवढे पाहतो. फोन ते अंक स्वतःहून भरण्याची तयारी दाखवतो तेव्हा तर तेही पाहत नाही. म्हणून माझ्या घरात नियम केला आहे की ओटीपी आपोआप भरू द्यायचा नाही. संदेश उघडायचा, रक्कम आणि नाव वाचायचे आणि मगच अंक हाताने भरायचे. आमच्या आईंनी ही पद्धत सर्वांत लवकर उचलली, कारण दुकानात बिल वाचल्याशिवाय पैसे न देण्याची त्यांना सवयच होती.

काही संदेशांत रकमेऐवजी कार्डाचे टोकन तयार करण्याचा किंवा एखाद्या उपकरणावर कार्ड जोडण्याचा उल्लेख असतो. असा संदेश तुम्ही काही न करता आला, तर कोणी तुमचे कार्ड आपल्या फोनमध्ये जोडू पाहत आहे असे समजावे. त्या ओटीपीची किंमत एका खरेदीपुरती नसते.

टोकन म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या विक्रेत्यांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवता येत नाही; त्याऐवजी त्या विक्रेत्यापुरता एक पर्यायी क्रमांक तयार होतो, तोच टोकन. तो चोरीला गेला तरी दुसरीकडे चालत नाही, त्यामुळे नेहमीच्या विश्वासू दुकानात टोकन करणे हे दरवेळी सोळा अंक टाइप करण्यापेक्षा चांगले. कोणाकोणाकडे टोकन आहे त्याची यादी बँकेच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर पाहता येते आणि नको ते रद्द करता येते. वर्षातून एकदा ही यादी जरूर पाहावी; त्यात कधीकाळी एकदाच जेवण मागवलेली ॲपे निघतात. त्याच बैठकीत दरमहा आपोआप जाणाऱ्या रकमांचे आदेशही तपासावेत. १५,००० रुपयांपर्यंतचे असे हप्ते नोंदणीनंतर ओटीपीशिवाय जातात, मात्र बँकेने २४ तास आधी कळवायचे असते आणि त्या सूचनेवरूनच हप्ता थांबवता येतो.

फोन, लिंक आणि लग्नपत्रिका

"तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपत आहेत", "तुमचे पार्सल पत्त्याअभावी अडकले आहे, पाच रुपये भरा", "तुमच्या गाडीचे चलन थकले आहे" : संदेश कोणताही असो, त्यातल्या लिंकवर कार्डाचा तपशील भरायचा नाही एवढे ठरवून टाकले की प्रत्येक प्रकार वेगळा ओळखण्याची गरज राहत नाही. पॉइंट पाहायचे असतील तर बँकेचे ॲप स्वतः उघडावे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून येणारी, नावाच्या शेवटी "एपीके" असलेली फाइल उघडूच नये. ती पत्रिका नसून ॲप असते, आणि संदेश वाचण्याची परवानगी एकदा मिळाली की तुमचे ओटीपी परस्पर दुसऱ्याकडे जाऊ लागतात. ज्यांच्याकडून पत्रिका आली त्या पाहुण्यांचाच फोन आधी ताब्यात गेलेला असतो, त्यामुळे नाव ओळखीचे असणे हा भरवसा नव्हे.

बँकांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकांची मालिका राखून ठेवण्यात आली आहे. साध्या दहा अंकी मोबाइलवरून "कार्ड विभागातून बोलतोय" असे कोणी म्हटले तर फोन ठेवावा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. गूगलवर शोधून मिळालेला ग्राहक सेवा क्रमांक वापरू नये; तो तिथे कोणीही टाकलेला असू शकतो.

पैसे गेलेच तर

पहिल्या दहा मिनिटांत ॲपमधून कार्ड बंद करावे. मी टेकडीवर गर्दीतच ते केले, आणि त्यानंतर आलेला आणखी एक प्रयत्न फसला. मग बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. तिथे व्यवहाराची वेळ, रक्कम, संदर्भ क्रमांक आणि कार्डाचे शेवटचे चार अंक विचारतात, आणि पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवण्याचा प्रयत्न होतो. "सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन" या संकेतस्थळावर लेखी तक्रार करता येते, आणि आपल्या जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊनही.

त्यानंतर त्याच दिवशी बँकेला ई-मेल करावा, कारण पुढे सगळा प्रश्न तारखांचा होतो. मजकूर साधा असावा : "माझ्या अमुक अंकांवर संपणाऱ्या कार्डावर अमुक तारखेला अमुक वेळी झालेले हे दोन व्यवहार मी केलेले नाहीत. त्यांसाठी मला कोणताही ओटीपी आलेला नाही. कार्ड मी अमुक वेळी बंद केले असून तक्रार क्रमांक अमुक आहे. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकांच्या दायित्वाविषयीच्या नियमांनुसार रक्कम जमा करावी." ओटीपी चुकून दिला असेल तर तसे लिहावे. खोटे लिहिल्यास बँकेच्या नोंदीत ते दिसतेच आणि उरलेली बाजूही पडते.

हे नियम रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच भार नाही. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तर मधल्या कुठल्या तरी व्यवस्थेची आहे अशा वेळी, संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकाला काही सोसावे लागत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त १०,००० आणि त्यावरच्या कार्डावर २५,००० रुपयांपर्यंत भार येऊ शकतो. त्यानंतर बँकेच्या धोरणावर अवलंबून. संदेश मिळाला तो दिवस मोजायचा नसतो. ओटीपी ग्राहकानेच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे आपली चूक झाली असली तरी लाजून गप्प बसण्यात नुकसानच वाढते. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, हे काउंटरवर नम्रपणे पण ठामपणे सांगता यायला हवे. कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लागायला हवा.

बिल येते तेव्हा एक चूक पुष्कळजण करतात : रागाने पूर्ण बिलच भरत नाहीत. वादातली रक्कम वगळून उरलेली रक्कम मुदतीत भरावी. फसवणूक म्हणून नोंदवलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत शुल्क आकारता येत नाही, पण बाकीच्या रकमेवर ते लागते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माल आलाच नाही किंवा भलताच आला, तर तो व्यवहार तुम्हीच केलेला असल्याने वरचे नियम लागू होत नाहीत. तिथे बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे विक्रेत्याकडून रक्कम परत फिरवणे, मागावा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी.

माझी तात्पुरती रक्कम नवव्या दिवशी जमा झाली आणि दोन महिन्यांनी ती कायम झाल्याचे पत्र आले. नवे कार्ड आले ते सगळ्या कळा बंद होऊन. ऑनलाइनची मी दोन हजारांवर चालू केली. परदेशी व्यवहारांची कळ त्यानंतर एकदाच, भाचीच्या परीक्षेचे शुल्क भरण्यासाठी वीस मिनिटे चालू केली होती. शुल्क भरल्याचा संदेश आल्यावर बंद केली, आणि ती बंद झाल्याचा संदेश येईपर्यंत ॲप मिटले नाही.